आण्णांच्या रिपोर्टवर ‘ॲस्पिरिन रेझिस्टन्स’ आलंय, गोळी बदलायची का?

रंकाळा_वेस
नमस्कार मंडळी. वडिलांबद्दल विचारायचं आहे, जरा लांबण लागेल.

आण्णा ६४ वर्षांचे, साखर कारखान्यातून निवृत्त. डायबेटीस जुना. दोन वर्षांपूर्वी अटॅक आला, इथंच कोल्हापुरात अँजिओप्लास्टी झाली, एक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी जाळी) आहे. वर्षभर रक्त पातळ करायच्या दोन गोळ्या होत्या. नंतर डॉक्टरांनी क्लोपिडोग्रेल काढून फक्त इकोस्प्रिन ७५, म्हणजे ७५ मिलिग्रॅमची ॲस्पिरिन, ठेवली. बीपी, शुगर, कोलेस्टेरॉलच्या चालू आहेत.

मागच्या महिन्यात मुंबईला लग्नाला गेलो होतो. तिथं भाऊजींनी हौसेनं आण्णांचं ‘हार्ट पॅकेज’ करून घेतलं. त्यात प्लेटलेटची एक टेस्ट होती. आकडा आला ५७२ एआरयू (ॲस्पिरिनचा परिणाम मोजायचं एकक), आणि शेजारी छापलंय की ५५० किंवा त्याहून जास्त म्हणजे ॲस्पिरिनचा परिणाम दिसत नाही. भाऊजींचं म्हणणं, हा ‘ॲस्पिरिन रेझिस्टन्स’, गोळी फुकट चाललीय, १५० करा नाहीतर बदला. आण्णांना तेवढंच निमित्त. “काम करत न्हाई तर खाऊ कशाला?” म्हणून परवापासून गोळी बंद केलीय. आमच्या कार्डिओलॉजिस्टांची वेळ पुढच्या गुरुवारची मिळालीय. तोवर काय करू?

पांढरा_रस्सा
ताई, आधी आण्णांना गोळी द्या. चर्चा आपण जेवल्यावर करू.

गडहिंग्लज_एमडी
पांढरा रस्सा यांच्याशी पूर्ण सहमत. मी फिजिशियन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नव्हे, आणि पेशंट न बघता औषध बदलत नाही. पण स्टेंट असलेल्या माणसानं ॲस्पिरिन आपल्या मनानं थांबवू नये, हे सांगायला पेशंट बघावा लागत नाही. स्वीडनमध्ये कमी डोसची ॲस्पिरिन घेणाऱ्या सहा लाखांहून जास्त लोकांच्या नोंदी तपासल्या होत्या, २०१७ साली ते प्रसिद्ध झालं. मोठं ऑपरेशन किंवा रक्तस्राव असं काही कारण नसताना ज्यांनी गोळी सोडली, त्यांच्यात अटॅक-स्ट्रोकसारख्या घटना ३७ टक्क्यांनी जास्त दिसल्या. त्यामुळं ७५ आजच सुरू करा आणि दवाखान्यात फोन करून कळवा. दुप्पट मात्र करू नका. छातीत दुखलं, घाम सुटला, धाप लागली तर गुरुवारची वाट बघायची नाही, १०८ लावायचा.

रंकाळा_वेस
दिली. कुरकुर झाली, पण घेतली. आता मला हे नीट समजून घ्यायचंय. गोळी पोटात जाते आणि काम करत नाही, असं होतं तरी कसं?

फार्मसीवाला_लक्ष्मीपुरी
ताई, हे मी सांगतो, डॉक्टरसाहेब चुकलं तर दुरुस्त करतील.

रक्तात प्लेटलेट असतात. जखम झाली की एकमेकींना चिकटून गुठळी करतात. हृदयाच्या नळीतला चरबीचा थर फुटला तर त्यांना तीही जखमच वाटते, आणि अटॅक येतो तो तिथं. एकमेकींना बोलवायला प्लेटलेट थ्रॉम्बॉक्सेन नावाचा पदार्थ सोडतात, तो बनवायला त्यांच्याकडं कॉक्स-१ हे एन्झाइम लागतं. ॲस्पिरिन त्या एन्झाइमला कायमचं निकामी करते. प्लेटलेटला केंद्रक नसतं, त्यामुळं ती नवीन एन्झाइम बनवू शकत नाही. जगेल तितके दिवस, म्हणजे ७ ते १० दिवस, ती त्या बाबतीत लुळीच राहते. म्हणून तर रक्तात ॲस्पिरिन स्वतः जेमतेम १५-२० मिनिटांत अर्धी होत जाते तरी दिवसातून एक छोटी गोळी पुरते. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट नव्या येतात, त्यांच्यासाठी रोजची गोळी.

थ्रॉम्बॉक्सेन ज्या कुटुंबातलं त्या प्रॉस्टाग्लँडिन पदार्थांवरचा ॲस्पिरिनचा हा परिणाम ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन वेन यांनी १९७१ साली दाखवला, १९८२ च्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा त्यासाठी होता. गोळी त्याच्या कितीतरी आधीची, १८९७ ची.

आता मला सांगा: आण्णा गोळी रोज घेतात का, हे कुणी डोळ्यांनी बघतं का? किती वाजता घेतात? आणि अंगदुखी-गुडघेदुखीला काही घेतात का? आमच्या काउंटरवर या तिसऱ्या प्रश्नाला सगळे ‘नाही’ म्हणतात आणि मग खिशातून स्ट्रिप काढतात.

तालीम_मास्तर
दाजींचं सांगतो. इचलकरंजीत असतात. ॲस्पिरिन चालू असताना दुसरा अटॅक आला. तालमीतला गडी, गोळी एक दिवस चुकवली नाही. मग तो रेझिस्टन्सच की!

गडहिंग्लज_एमडी
मास्तर, तसं म्हणता येत नाही. गोळी चालू असताना अटॅक आला म्हणजे औषध फसलं हा हिशोब सगळेच करतात, आणि या विषयातला निम्मा गोंधळ तिथूनच येतो. १९८८ च्या आयसिस-२ अभ्यासात अटॅकची शंका असलेले १७ हजारांवर रुग्ण होते. महिनाभर रोज १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन दिल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणानं होणारे मृत्यू २३ टक्क्यांनी घटले. म्हणजे ७७ टक्के उरलेच. पुढं अनेक अभ्यास एकत्र करून २००९ साली जो हिशोब निघाला, त्यात आधीच अटॅक किंवा स्ट्रोक येऊन गेलेल्यांत गंभीर घटना वर्षाला ८.२ टक्क्यांवरून ६.७ टक्क्यांवर आल्या. एवढाच ॲस्पिरिनचा वाटा आहे, आणि कोट्यवधी लोकांत तो फार मोठा ठरतो. पण ६.७ टक्के ॲस्पिरिन घेऊनही अडचणीत आलेच ना? त्यांच्या प्लेटलेटनी गोळीला दाद दिली नाही असं नाही. गुठळीला थ्रॉम्बॉक्सेनशिवाय इतरही वाटा असतात. तंबाखू, साखर, कोलेस्टेरॉल, जुना स्टेंट आतून अरुंद होणं, यातलं काहीही असू शकतं. दाजी तंबाखू मळतात का?

तालीम_मास्तर
मळतात.

पन्हाळा_निसर्ग
या इंग्रजी गोळ्यांच्या नादापेक्षा रोज सकाळी लसणाच्या पाकळ्या आणि अर्जुनसालीचा काढा. माझ्या ओळखीत कितीतरी जण ॲस्पिरिन सोडून ठणठणीत आहेत.

गडहिंग्लज_एमडी
लसूण फोडणीत जरूर घाला. स्टेंटवाल्याच्या ॲस्पिरिनला तो पर्याय नाही. शिवाय लसणाच्या कॅप्सूल किंवा जास्त मात्रा ॲस्पिरिनबरोबर घेतल्या तर रक्तस्राव वाढू शकतो, म्हणून काढा-चूर्ण-कॅप्सूल जे काही असेल ते डॉक्टरांना सांगायचं. ओळखीतले ठणठणीत लोक आपल्याला दिसतात, कारण बाकीचे सांगायला येत नाहीत.

पॅथॉलॉजी_मिरज
टेस्टबद्दल बोलते, कारण अशा रिपोर्टचा अर्थ विचारायला लोक आमच्याकडं येतात.

‘ॲस्पिरिन रेझिस्टन्स’ मोजायची एक ठरलेली पद्धत नाही. पाच-सहा पद्धती आहेत आणि त्यांचं आपसात जमत नाही. कॅनडातल्या एका अभ्यासात २०१ स्थिर हृदयरुग्णांवर एकाच वेळी वेगवेगळ्या पद्धती वापरल्या होत्या, २००७ साली तो छापून आला. माणसं तीच. ॲराकिडॉनिक ॲसिड (थ्रॉम्बॉक्सेनचा कच्चा माल) घालून प्लेटलेट चिकटतात का बघायच्या पद्धतीनं ४ टक्के रेझिस्टंट निघाले. पीएफए-१०० नावाच्या यंत्रानं जवळपास ६० टक्के! आण्णांची झाली ती एआरयूवाली, तिनं ७ टक्क्यांच्या आत. लघवीतलं थ्रॉम्बॉक्सेनचं अवशेष-द्रव्य मोजून २३ टक्क्यांच्या आसपास. आता सांगा, रेझिस्टन्स रुग्णात आहे की यंत्रात?

दुसरं, बहुतेक प्लेटलेट-टेस्टना ताजं रक्त लागतं. चार-पाच तासांत झाली पाहिजे. सुई टोचताना त्रास झाला, नळी जोरात हलली, बर्फात ठेवली, तर प्लेटलेट आधीच बिथरतात आणि आकडा चढतो. नमुना कुठं घेतला आणि कुठं तपासला हे भाऊजींना विचारा. आणि ५७२ हा ५५० ला लागूनच आहे. ५४८ आला असता तर हा प्रश्न इथं आलाच नसता.

सातारी_कंदी
पण मॅडम, नेटवर वाचलं की रेझिस्टन्स असलेल्यांना अटॅकचा धोका चौपट. ते खोटं का?

पॅथॉलॉजी_मिरज
खोटं नाही. २००८ साली बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात २० अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता, २,९३० रुग्ण, त्यातले २८ टक्के कुठल्या ना कुठल्या टेस्टवर रेझिस्टंट, आणि त्यांच्यात वाईट घटनांची शक्यता जवळपास चौपट. तो वाचून तेव्हा सगळेच हादरले होते. पण चौपट कशामुळं? टेस्ट ज्यांची बिघडते त्यांच्यात मधुमेही जास्त, सूज जास्त, आणि गोळ्या नीट न घेणारेही जास्त. जो ॲस्पिरिन चुकवतो तो कोलेस्टेरॉलचीही चुकवतो.

याच मुद्द्यावर मला सगळ्यात आवडणारा अभ्यास २००५ चा. अटॅक येऊन गेलेल्या १९० जणांपैकी १७ जणांवर ॲस्पिरिन चालत नाही असं टेस्टनं सांगितलं. मग त्या लोकांना समोर उभं राहून गोळी गिळायला लावली आणि टेस्ट परत केली. एकच उरला.

पांढरा_रस्सा
म्हणजे रेझिस्टन्स प्लेटलेटचा नव्हे, आण्णांचा 😄

फार्मसीवाला_लक्ष्मीपुरी
हसू नका, तसंच असतं. ताई, माझ्या तीन प्रश्नांचं काय झालं?

रंकाळा_वेस
विचारलं. आण्णांना विचारून उपयोग नव्हता, आईला विचारलं.

गोळी दुपारी जेवणानंतर असते. बुधवारी आणि रविवारी घरात मटण असतं. तांबडा रस्सा प्यायला की ॲसिडिटी होते, आणि “ही लाल गोळी जळजळवते” म्हणून त्या दिवशी इकोस्प्रिनला सुट्टी. रस्श्याला सुट्टी नाही. आणि गुडघा! पहाटे रंकाळ्याला फेरी मारून येतात, गुडघा ठणकतो म्हणून सकाळी नाष्ट्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातून आणलेली दुखायची गोळी. आईनं स्ट्रिप दाखवली, आयबुप्रोफेन आणि पॅरासिटामॉल. किती महिने चाललंय देव जाणे. लग्नात नाचानाच झाल्यावर तर दिवसातून दोनदा घेत होते. त्याच आठवड्यात टेस्ट!

फार्मसीवाला_लक्ष्मीपुरी
आलं का खिशातून!

आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन दोघंही त्याच कॉक्स-१ च्या आत जाऊन बसतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, आयबुप्रोफेनचं तसं आहे. सकाळी तिनं रुमाल टाकला. दुपारी ॲस्पिरिन आली, बघते तर जागा धरलेली. तिला थांबायला वेळ नाही, थोड्या वेळात ती उतरून जाते. संध्याकाळी आयबुप्रोफेनही रुमाल उचलून निघून जाते, कारण ती तात्पुरतीच बसलेली असते. जागा मोकळी आणि प्लेटलेट पुन्हा पहिल्यासारखी. २००१ साली हे प्रयोगात दाखवलं गेलं. त्याच प्रयोगात पॅरासिटामॉल आणि डायक्लोफिनॅक या दुखण्यावरच्या दुसऱ्या गोळ्यांनी असा अडथळा दिसला नाही. म्हणून डायक्लोफिनॅक सुरू करू नका बरं का, हृदयरुग्णाला तिचे वेगळे धोके आहेत.

अमेरिकेच्या औषध प्रशासनाचा सल्ला असा आहे की कधीमधी आयबुप्रोफेन घ्यावीच लागली तर साध्या ॲस्पिरिननंतर किमान अर्ध्या तासानं, किंवा ॲस्पिरिनच्या आठ तासांहून आधी. कोटेड गोळीला हे अंतर लागू पडेलच असं नाही, आणि इकोस्प्रिन कोटेड आहे. त्यामुळं मी तर म्हणेन की स्टेंटवाल्यानं आयबुप्रोफेनला हातच लावू नये.

सातारी_कंदी
कोटिंगचा काय संबंध?

गडहिंग्लज_एमडी
कोटेड गोळी जठरात विरघळत नाही, पुढं आतड्यात विरघळते. त्यामुळं शोषण उशिरा आणि कमी-जास्त होतं. २०१३ साली ४०० निरोगी लोकांवरचा अभ्यास आला. साध्या ॲस्पिरिनचा एक डोस दिला तर सगळ्यांच्या प्लेटलेट शांत. कोटेड दिलेल्यांत बऱ्याच जणांवर काही तासांनी परिणाम दिसला नाही. पण त्यांनाच नंतर परत तपासलं तर खरा, कायमचा रेझिस्टंट असा एकही सापडला नाही. त्याला त्यांनी ‘आभासी रेझिस्टन्स’ म्हटलं. रोज नेमानं घेणाऱ्यात परिणाम साचत जातो, त्यामुळं कोटेडनंही बहुतेकांचं काम भागतं. अटॅकच्या वेळी मात्र ॲस्पिरिन चावून खायला सांगतात ते याचसाठी. आणि कोटिंगमुळं पोटातला रक्तस्राव टळतो ही समजूत आहे, तसा भरवसा नाही. ॲस्पिरिन रक्तातूनही जठराला त्रास देते. शौचाला डांबरासारखं काळं झालं तर लगेच दाखवायचं.

अभ्यासाची गंमत बाजूला ठेवली तर खरं जैविक कारण असलेले काही रुग्ण असतातच. अनियंत्रित मधुमेहात प्लेटलेट लवकर लवकर बदलतात. दुपारी गोळी घेतली तर दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत नव्या, ॲस्पिरिन न लागलेल्या प्लेटलेटचा भरणा झालेला असतो. बायपासनंतर काही दिवस हेच होतं. अशांना डोस दोनदा विभागून द्यावा का यावर विचार चालू आहे, पण तो नेहमीचा उपचार नाही.

भाऊजी_बोरिवली
मीच तो भाऊजी 🙂 मेहुणीनं लिंक पाठवली. आपण सगळे बोलताय ते ठीक, पण मग १५० करायला काय हरकत? जास्त दिली की काम होईल.

गडहिंग्लज_एमडी
स्वागत आहे भाऊजी. तुमच्या काळजीबद्दल शंका नाही. अमेरिकेत २०२१ साली ॲडॅप्टेबल नावाचा मोठा अभ्यास पूर्ण झाला. हृदयरुग्ण १५,०७६, निम्म्यांना रोज ८१ मिलिग्रॅम, निम्म्यांना ३२५. अटॅक, स्ट्रोक, मृत्यू यांत दखल घेण्यासारखा फरक नाही. ३२५ वाले बरेच जण मध्येच ८१ वर उतरले, हा त्यातला कच्चा दुवा आहे. तरी चौपट डोसनं फायदा दिसला नाही हे उरतंच. एन्झाइम बंद व्हायला ७५ पुरते; ती प्लेटलेटपर्यंत पोचतच नसेल तर १५० सुद्धा त्याच रुमालाला अडणार.

भाऊजी_बोरिवली
आणि टेस्ट बघून औषध ठरवायचं, हा तर आधुनिक मार्ग ना?

पॅथॉलॉजी_मिरज
मलाही तसंच वाटायचं, माझा तर धंदाच तो. पण फ्रान्समध्ये आर्क्टिक नावाचा अभ्यास झाला, २०१२. स्टेंट बसवायच्या २,४४० रुग्णांपैकी निम्म्यांत टेस्ट करून, आकडा बघून औषधं बदलली, निम्म्यांत नेहमीसारखी दिली. टेस्टवाल्यांना फायदा झाला नाही. म्हणून सरसकट सगळ्या हृदयरुग्णांत ही टेस्ट करा असं मार्गदर्शक सूचना सांगत नाहीत. स्टेंटमध्येच गुठळी झाली, असं काही विशेष घडलं तर कार्डिओलॉजिस्ट विचार करतात. ‘पॅकेज’मध्ये ती घालणं मला पटत नाही. घरच्यांना घाबरवते आणि गोळी सोडायला निमित्त देते, तुमच्याकडं झालं तेच.

सातारी_कंदी
ॲस्पिरिनऐवजी क्लोपिडोग्रेल का नाही देत मग?

फार्मसीवाला_लक्ष्मीपुरी
देतात की, काहींना तीच ठेवतात. पण तिलाही नखरे आहेत. ती पोटात जाते तेव्हा निष्क्रिय असते, यकृतातल्या सीवायपी२सी१९ या एन्झाइमनं ती जागी होते. हे एन्झाइम मंद असणारे लोक आपल्या भारतीयांत बरेच आहेत. शिवाय ओमेप्राझोल-इसोमेप्राझोल त्याच एन्झाइमला दाबतात, म्हणून क्लोपिडोग्रेलबरोबर ॲसिडिटीला शक्यतो पॅन्टोप्राझोल. गोळी बदलली की प्रश्न संपतो असं नाही, प्रश्नही बदलतो.

रंकाळा_वेस
गुरुवारी जाऊन आलो. सगळ्यांनी विचारलेलं लिहून नेलं होतं, दोन्ही स्ट्रिपाही नेल्या.

डॉक्टरांनी एआरयूचा आकडा बघितला, आयबुप्रोफेनची स्ट्रिप बघितली, आणि रिपोर्ट बाजूला ठेवला. ॲस्पिरिन ७५ तीच, आता आईच्या हातून. आयबुप्रोफेन बंद. गुडघ्याला पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि फिजिओथेरपी, ऑर्थोपेडिकना दाखवायचं. ॲसिडिटीसाठी सकाळी उपाशीपोटी पॅन्टोप्राझोल. टेस्ट परत करायची गरज नाही म्हणाले. पण एकूण वेळातला पाऊण वेळ ते दुसऱ्याच पानावर होते. त्याच पॅकेजमध्ये एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ९.१ आणि एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८ आलं होतं, आणि आम्ही कुणी ते बघितलंच नव्हतं! स्टेंटवाल्याचं एलडीएल ५५ च्या खाली आणायचा प्रयत्न करतात म्हणे. कोलेस्टेरॉलची गोळी वाढवली, शुगरची बदलली. आण्णांना विचारलं, गूळ खाता का? आण्णा म्हणाले, “गूळ म्हंजे काय साखर न्हवं.” कारखान्यात उभी हयात गेलेला माणूस!

तालीम_मास्तर
😂 लै भारी आण्णा. गुऱ्हाळावरची काकवी पण ‘साखर न्हवं’ बरं का.

पांढरा_रस्सा
रस्श्याचं काय ठरलं ते सांगा. इथं बऱ्याच जणांचा जीव टांगणीला आहे.

रंकाळा_वेस
आठवड्यातून एकदा, एक वाटी, कट काढून. वाटीचं माप काय, यावर घरात वाद चालू आहे.

भाऊजी_बोरिवली
एलडीएल मीही बघितलं नव्हतं. ठळक अक्षरांत ५७२ च होतं. आण्णांना माझा नमस्कार, फोन उचलत नाहीयेत.

कसबा_बावडा_७७
धागा आत्ता वाचला. माझीही इकोस्प्रिन चालू आहे, स्टेंटला चार वर्षं झाली. सोमवारी दाढ काढायची आहे. डेंटिस्टकडच्या पोरानं फोनवर सांगितलं की रक्त पातळ करायची गोळी पाच दिवस आधी बंद करून या. करू का?

गडहिंग्लज_एमडी
फोनवरच्या सांगण्यावरून करू नका. एखादी दाढ काढायला नुसती ॲस्पिरिन चालू असेल तर ती सहसा थांबवत नाहीत. जागेवर दाब, गॉझ, गरज पडली तर टाका, एवढ्यावर रक्त थांबतं. डेंटिस्टना स्वतः भेटून स्टेंटचं कार्ड दाखवा आणि त्यांना तुमच्या कार्डिओलॉजिस्टशी बोलायला सांगा. बरोबर दुसरी रक्त पातळ करायची गोळी आहे का?

कसबा_बावडा_७७
नाही, एकच.

फार्मसीवाला_लक्ष्मीपुरी
आणि दाढ काढल्यावर दुखायला काय लिहून देतात ते बघा. आयबुप्रोफेन असेल तर तिथंच सांगा.